कवाडात अडलेलं नाव

मी दाराचं चित्र समोर धरलं. मारोतराव काकांनी ते नीट पाहिलं, ओठ जुळवले, सगळी ताकद लावली आणि म्हणाले, "मुहाटी."

मी कागदावर शून्य टाकलं. शेजारी लिहिलं, निओलॉजिझम. मेंदूला इजा झाल्यावर पेशंट कधीकधी मनानेच शब्द घडवतो, कुठल्याच भाषेत नसलेला. त्याला आमच्या धंद्यात हे नाव आहे. माझं अक्षर त्या दिवशी विशेष चांगलं आलं होतं.

चहा घेऊन आलेल्या यमुनाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, माझ्या खांद्यावरून कागद बघत होत्या. इंग्रजी त्यांना येत नाही, पण शून्य कोणालाही वाचता येतं.

"भोपळा काहून देल्ला साहेब? बराबर त बोलले."

मग त्यांनी मला समजावलं. छत्तीसगढीत घराच्या तोंडाला, आत शिरायच्या जागेला मुहाटी म्हणतात. रायपूरच्या या गुढियारीत साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, हाच शब्द. काकांची नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर झाली, उमेदीची सगळी वर्षं छत्तीसगढी हमालांच्या संगतीत गेली. त्यांना दार आधी मुहाटी म्हणून आठवलं, यात नवल ते काय.

आता माझा जन्म रायपूरचा. आमचं घराणं भोसल्यांच्या वेळेस इथे आलं, हे मी प्रत्येक लग्नात कोणाला तरी पकडून सांगतो. इतक्या पिढ्या इथलं पाणी पिऊन मी इथल्या एका चांगल्या शब्दाला वेड्यात काढलं होतं. शून्य खोडलं, एक केला. काका त्या अर्ध्या वाकड्या झालेल्या तोंडाने हसले. माझ्यावर हसणारा पेशंट लवकर सुधारतो, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे माझे बरेच पेशंट सुधारतात.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं मी बोबड्या मुलांना 'र' म्हणायला शिकवतो. तेही करतो. पण माझे निम्मे पेशंट साठीच्या पुढचे असतात. स्ट्रोक येतो, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोहोचत नाही आणि बोलणं जातं. याला अफेजिया म्हणतात. नातेवाईकांना मी सांगतो की शब्द गेलेले नाहीत. ते आतच आहेत, वाट बंद झाली आहे. काकांना सगळं समजत होतं. फॅन बंद करा म्हटलं की बटणाकडे बोट करायचे. पण स्वतः बोलायला गेले की घामाघूम व्हायचे. 'मुहाटी' हा पहिल्या भेटीतला एकमेव शब्द. त्यानंतर तोही आला नाही.

थेरपी सुरू करताना आम्ही घरच्यांना एक प्रश्न विचारतो, की यांनी सगळ्यात आधी काय बोलावं असं तुम्हाला वाटतं? त्याला फंक्शनल गोल म्हणतात. साध्या भाषेत, ज्याच्यावाचून घरातलं काम अडतं तो शब्द.

मुलगा प्रमोद भनपुरीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. मराठी कळते, उत्तर हिंदीत देतो. म्हणाला, "सर, पापा फोन पे हेलो बोल दें, बस. टेन्शन कम हो जाएगा."

काकू म्हणाल्या, "मले हाक मारली पाह्यजे."

त्यांची अडचण खरी होती. काकांना पाणी हवं असो, कूस बदलायची असो, ते बोलावू शकत नव्हते. म्हणून काकू दिवसभर त्यांच्या खाटेजवळ बसून. स्वयंपाक बाई करायची, आंघोळ प्रमोद घरी असताना. अंगणातली तुळस वाळून चालली होती. प्रमोदने उपाय म्हणून बाजारातून बिनतारी बेल आणून काकांच्या हाताशी ठेवली. ती होती दाराची बेल. काकांनी दाबली की काकू आधी धावत बाहेरच्या दारात जायच्या, रस्त्यावर दोन्हीकडे पाहायच्या आणि मग लक्षात आलं की परत फिरायच्या. तोवर काका चिडून बेल खाटेखाली टाकून द्यायचे.

मला हे काम सोपं वाटलं. बायकोचं नाव हा माणसाच्या तोंडात सगळ्यात जास्त घोळलेला शब्द. मी काकूंचा फोटो मोठा करून घेतला, कार्डावर चिकटवला. काकांना दाखवायचा आणि विचारायचं, "या कोण?" जमलं नाही तर आम्ही पहिला आवाज देतो, "य... यमु..." त्याला क्यू म्हणतात, बंद पडलेल्या स्कूटरला मागून धक्का देतात तसं. काका फोटो बघायचे, माझ्याकडे बघायचे, मान खाली घालायचे. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मी नोंद केली की पेशंट प्रयत्न टाळतो.

बरेच आठवडे असे गेले. एका दुपारी मी बाहेर चपला घालत असताना काकू मागे आल्या. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मी माझी काळजी बोलून दाखवली. जो शब्द इतकी वर्षं रोज म्हटला तो यायला हवा होता, म्हटलं.

"त्यायनं माहं नाव कधी घेतलंच नाई," काकू म्हणाल्या.

मग काय म्हणून हाक मारायचे, असं मी विचारलं.

"अवं."

मी कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. आमच्याकडच्या त्या पिढीत नवराबायको एकमेकांचं नाव घेत नसत, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्या आईने वडिलांचं नाव सरकारी कचेरीतसुद्धा शेजारणीला सांगायला लावलं होतं. आणि मी एका माणसाला त्याने आयुष्यात न उच्चारलेला शब्द आठवायला लावत होतो. वर तो लाजला की 'टाळतो' लिहीत होतो.

मी लगेच म्हटलं, बरं झालं कळलं. उद्यापासून 'अवं' घेऊ. दोन अक्षरं आहेत, सोपं जाईल.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं, काका झोपले होते. मग हळूच म्हणाल्या, "अवं त कोणालेबी म्हणता येते. आता त्यायले बोलणं नव्यानंच शिकाचं हाय. त नावच शिकवा न, साहेब."

मी बरं म्हणालो. स्टेशनपर्यंत स्कूटर कशी आणली ते आठवत नाही. एवढं आठवतं की माणसाला काय हवं आहे हे विचारून घेतल्यावरही ते आपल्याला कळलेलं नसतं, हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

आता थोडं तांत्रिक. अफेजियात एक गंमत असते. ज्याला 'पाणी' म्हणता येत नाही तो आरती अख्खी म्हणतो. पाढे म्हणतो, शिवी तर हमखास देतो. कारण पाठ झालेलं, चालीतलं बोलणं मेंदूच्या वेगळ्या वाटेने येतं. त्याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतात. शब्दही असेच वाक्यात रुजून बसलेले असतात. दाराचंच घ्या. चित्र दाखवून 'हे काय' म्हणून घरात कोणी कोणाला विचारत नाही. दार लोट. दार ओढून घे. दारावर कोण आलंय बघ. दारात उभं राहून शिंकू नको. काकूंच्या तोंडी कवाड, प्रमोदच्या तोंडी गेट, शाळेला असतं ते फाटक, गणपतीच्या मांडवावर लिहितात ते प्रवेशद्वार. प्रत्येकाची जागा वेगळी, म्हणणारं माणूस वेगळं. माझ्या तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये खालच्या गार्डचा फोन येतो आणि मुलगा म्हणतो, "पापा, डोर पे कोई है." मराठीत 'कोण आहे दारात' असं आमच्या घरात आता कोणी ओरडत नाही. आई होती तेव्हा ओरडायची. तेव्हा ते मला कर्कश वाटायचं. हल्ली तिन्हीसांजेला बेल वाजली की तो आवाज यायला हवा होता असं उगाच वाटतं.

तर मी विचार केला, काकांनी हे नाव आयुष्यात एकदा तरी, एखाद्या पाठ केलेल्या बोलण्यात घेतलं आहे का?

काकूंना विचारलं. त्या कधी नव्हे ते लाजल्या.

"लग्नाच्या वक्ती घेतलं होतं. इथंच, ह्याच दारात. नणंदबाईनं दार अडवलं होतं."

वऱ्हाडातून वरात रेल्वेने आली होती. नवरी घेऊन मारोतराव गुढियारीच्या या घरापाशी पोहोचले तर बहीण दारात आडवी. उखाण्यात नाव घे, मगच आत, अशी तिची अट. सगळे भुकेलेले. आतून पुरणपोळीचा वास येत होता. मारोतरावांनी तिथल्या तिथे जुळवून उखाणा घेतला, सगळे हसले, वाट मिळाली. काकूंना तो उखाणा अजून शब्दन् शब्द पाठ होता. त्यांनी तो मला म्हणून दाखवला, स्वतःचं नाव मात्र गाळून.

मी तो लिहून घेतला आणि लगेच माझी हुशारी दाखवली. क्यू देताना हवा असलेला शब्द ओळीच्या शेवटी असला तर पटकन येतो, असं आम्हाला शिकवलेलं आहे. काकांच्या उखाण्यात नाव अधेमधे होतं. म्हणून मी उखाणा दुरुस्त केला आणि नाव शेवटाला आणलं. यमक गेलं, पण शास्त्र राहिलं. चार दिवस काकांसमोर तो म्हणत होतो. काका माझ्याकडे दयेने पाहत होते.

शेवटी काकांच्या त्या बहिणीलाच बोलावलं. घरात त्यांना सगळे आत्याबाई म्हणतात. नातवाला घेऊन त्या ऑटोने आल्या. गुडघे गेलेले, आवाज शाबूत. माझा सुधारलेला उखाणा ऐकून म्हणाल्या, "हे काय व बाप्पा? उखाणा हाय का रेल्वेची अनाउन्समेंट?"

मग त्यांनी ठरवलं आणि मी मान डोलावली. खाटेवर नाही, दारातच घ्यायचं. जसं झालं होतं तसं. फिजिओथेरपिस्टला फोन करून विचारलं. काठी आणि एका माणसाचा आधार असेल तर थोडा वेळ उभं राहायला हरकत नाही, म्हणाला.

रविवारी सकाळी प्रमोदने काकांना धरून अंगणात नेलं आणि दाराकडे तोंड करून उभं केलं. काकू आधी तयार नव्हत्या. लोकं हासतीन, म्हणत होत्या. पण मी पाहिलं, त्यांनी लुगडं बदललं होतं. काकांच्या जरा मागे, उजव्या हाताला येऊन उभ्या राहिल्या.

आत्याबाईंना उभं राहणं शक्य नव्हतं. त्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि दोन्ही हात पसरून चौकट धरली.

"नाव घे," त्या म्हणाल्या. "मंग सोडते."

काकांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

मी सवयीने ठेका धरायला हात उचलला. आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की हात खिशात गेला.

"नाव घेतल्याबिगर पाय ठेवू देत नाई आत. उभा राह्य मंग उन्हात. साडी त तू देल्लीच नाई आतालोक."

काकांच्या कपाळावर आठी पडली. भूक लागलेल्या नवऱ्या मुलाला येते तशी, अगदी खरी. काठीची मूठ आवळली आणि जाड, अडखळत्या आवाजात सुरू झालं:

"कवाडात... बहीण... अडून बसली, मागते साडीचोळी..."

'साडीचोळी' स्वच्छ आलं. प्रमोद एका हाताने त्यांना धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर शूटिंग करत होता.

"यमुनाले..."

आणि काका थांबले.

माझं शिक्षण सांगतं, इथे पुढचा शब्द द्यायचा. 'येऊ दे आत, वाट पाह्यते पुरणपोळी' एवढंच राहिलं होतं. साखळी तुटली तर परत जुळत नाही. मी पुढे झालो, आत्याबाईंनी चौकट सोडून माझं मनगट धरलं. सबब, मी गप्प राहिलो. ते माझ्या समंजसपणामुळे झालं असं मी एका कॉन्फरन्समध्ये सांगितलं आहे, पण खरं हे आहे.

काकांनी मान वळवली. उजवीकडे वळायला त्यांना त्रास होतो. सावकाश, खांद्यासकट वळले. मागे उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं.

"यमुना," म्हणाले.

हे उखाण्यातलं नव्हतं. उखाण्यात 'यमुनाले' होतं. हे त्यांनी वेगळं, सुटं म्हटलं होतं.

काकू म्हणाल्या, "ओ."

बस, इतकंच. पुरणपोळी राहून गेली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोड्या वेळाने आत्याबाई म्हणाल्या, "आता मले उठवा कोणी, त जाऊ देईन त्यायले आत." दोघांनी मिळून त्यांना उठवलं.

पुढचा भाग धंद्याच्या दृष्टीने फारसा गौरवाचा नाही. काकांना तेवढा एकच शब्द आला आणि ते तोच सगळीकडे वापरायला लागले. आम्ही याला परसेव्हरेशन म्हणतो, म्हणजे सुई अडकलेली रेकॉर्ड. पाणी हवं, यमुना. पंखा लाव, यमुना. बातम्या लाव, यमुना. महिन्याचा रिपोर्ट मी आमच्या हॉस्पिटलच्या न्यूरॉलॉजीच्या मॅडमना दाखवला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कप दाखवला, काय म्हणाले?"

"यमुना."

"छत्री?"

"यमुना."

"दार?"

"यमुना, मॅडम."

"म्हणजे नेमिंग स्कोअर शून्य."

"हो. पण गोल पूर्ण झाला."

"कोणता गोल?"

मी सांगितलं की हाक मारली की पत्नी येतात. त्या आता स्वयंपाकघरात जातात, आंघोळीला जातात, तुळशीला पाणी घालतात. मॅडमनी पेन उघडलं. मग म्हणाल्या, थेरपी कंटिन्यू करा, आणि सही केली.

नंतर हळूहळू सुई सुटली. 'चहा' आला, 'नको' आला, मला पाहिलं की 'या' आलं. नीट वाक्य अजून नाही, कदाचित येणारही नाही. हे मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं आहे. प्रमोदला फोनवरचं 'हेलो' मिळालं, तेही कधीमधी.

मध्यंतरी गेलो तेव्हा मी खाटेजवळ कार्डं मांडत होतो आणि काकू आत पोळ्या करत होत्या. काकांनी हाक मारली. काकू आल्या नाहीत. काकांनी परत मारली, जरा मोठ्याने. तेव्हा आल्या, पदराला हात पुसत. निघताना मी सहज विचारलं, काकू, ऐकायला कमी येतंय का? कानाची टेस्ट आमच्याकडेच होते.

"येते न आयकू," त्या म्हणाल्या. "मी मुद्दामच थांबते थोडी. मंग दोनदा आयकाले भेटते."

या सगळ्यातून मी काय शिकलो, ते नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये सांगतो. पेशंटचा पहिला शब्द कोणता असावा, हे पुस्तकाला विचारू नका. घरच्यांनाही एकदाच विचारून थांबू नका. तुम्ही चपला घालायला लागलात की ते खरं सांगतात, म्हणून चपला सावकाश घाला. पोरं हे वहीत उतरवून घेतात. उपयोग करतात की नाही, माहीत नाही.

काकूंचं ते दोनदा ऐकण्याचं मी घरी येऊन माझ्या बायकोला, माधवीला सांगितलं. वर म्हटलं, आपली पिढी बरी, मी तुला पहिल्या दिवसापासून नावानेच हाक मारतो.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मारता ना. दिवसातून दहा वेळा मारता. आणि दरवेळी पुढे असतं, माझा चष्मा कुठे आहे. एकदा चष्मा सापडलेला असताना मारून बघा."